मजेत आहे, अर्थातच

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुम्ही सुगम संगीत शिकला आहात, भावगीतं गाता. एका मित्राने चेट बेकर या अमेरिकी जॅझ गायकाचं 'आय गेट अलाँग विदाउट यू व्हेरी वेल' ऐकवलं आणि आता ते तुम्हाला घरगुती बैठकीत गायचंय. हे जॅझ की पॉप, आलं कुठून, आणि तो बाबा इतकं सपाट का गातो, हे तीन प्रश्न तुम्ही एका दमात विचारलेत. गेली पस्तीस वर्षं मी मुंबईत हॉटेलांच्या लाउंजमध्ये पियानो वाजवतो, बहुतेक वेळ गाणाऱ्यांच्या मागे बसून. हे गाणं माझ्या वहीत पहिल्यापासून आहे, पण त्याची फर्माईश वर्षातून दोनदा आली तर खूप. तेव्हा उत्तर जरा लांबणार आहे.

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकी दोन्ही उत्तरं त्याच्या पोटात आहेत.

गाण्यातला माणूस सांगतो, तुझ्यावाचून माझं छान चाललंय. लगेच म्हणतो, अर्थातच. मग येतो 'फक्त'. फक्त हलका पाऊस पडून पानांवरून थेंब गळायला लागले की तुझ्या मिठीतला आडोसा आठवतो. तेवढं सोडलं तर छान चाललंय. दुसऱ्या कडव्यात तोच खेळ: तुला विसरलोय, विसरायलाच हवं होतं, अर्थातच; फक्त कुठे तुझं नाव कानावर पडलं, किंवा कोणी थेट तुझ्यासारखं हसलं, तर तेवढ्यापुरतं. बाकी विसरलोय.

आपण फोनवर 'कशी आहेस?' विचारतो आणि पलीकडून जरा जास्तच पटकन 'मजेत!' येतं. त्या 'मजेत'ची चाल म्हणजे हे गाणं. कोणी विचारलेलं नसताना माणूस 'अर्थातच' म्हणाला, की त्या एका शब्दात सगळं उघडं पडतं. म्हणून गाणाऱ्याने ते आणखी उघडं करायचं नसतं. तो सपाट गात नाहीये. तो चेहरा सरळ ठेवून खोटं बोलतोय, आणि ते जमवायला फार ताबा लागतो.

आता रचनेतली गंमत बघा. पहिल्या दोन कडव्यांत माणूस 'फक्त'च्या वाटेने भरकटतो आणि शेवटी पहिल्या वाक्यावर परत येतो. आपण मुखड्यावर येतो तसाच. खोट्याचं वर्तुळ दोनदा पुरं होतं. शेवटचं कडवं सुरू अगदी पहिल्यासारखंच होतं, पण या खेपेला 'फक्त'नंतर वसंत ऋतू येतो. वसंताचा विचारच करायला नको, तो केला तर काळीज दुभंगेल, असं म्हणून गाणं तिथेच संपतं. मुखडा परत येत नाही. शेवटी परत 'छान चाललंय' म्हणायला जागाच ठेवलेली नाही. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा मला वाटलं, माझ्याकडच्या झेरॉक्समधलं शेवटचं पान गहाळ झालंय.

आता उगम. चाल होगी कारमायकेलची. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात ब्लूमिंग्टन नावाचं विद्यापीठाचं गाव आहे, तिथे १८९९ मध्ये त्याचा जन्म. आई मूकपटांच्या थिएटरात पियानो वाजवायची, बोटं चालवायला तो तिच्याकडूनच शिकला. पोटापाण्यासाठी इंडियाना विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली, पण जीव अडकला होता जॅझमध्ये. कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचं धाकटं भावंड, वाजवणारा बिक्स बायडरबेक हा त्याचा दोस्त आणि दैवत. त्याची गाजलेली गाणी म्हणजे 'स्टारडस्ट' १९२७ चं, 'जॉर्जिया ऑन माय माइंड' १९३० चं. म्हणजे हा वादकांच्या सोबतीत वाढलेला संगीतकार. त्याच्या चालींची वळणं पुष्कळदा गळ्यापेक्षा कॉर्नेटची वाटतात. 'स्टारडस्ट' गाऊन बघा, दुसऱ्या ओळीतच दम लागतो. आपलं गाणं मात्र त्याच्या स्वभावाच्या उलट आहे. बोलल्यासारखं, जवळजवळच्या सुरांत फिरणारं. कारण उघड आहे. इथे चाल आधी आली नाही, शब्द आधी आले. आणि ते शब्द त्याचे नव्हते.

विद्यापीठाच्या दिवसांत एका ओळखीच्या व्यक्तीने त्याला 'लाइफ' साप्ताहिकातून कापलेली एक कविता दिली होती. शीर्षकाचा अर्थ साधारण 'कधीमधी सोडून'. खाली कवीचं नाव नाही, नुसती आद्याक्षरं: जे. बी. हे 'लाइफ' म्हणजे मोठमोठ्या फोटोंचं, आपल्याकडच्या जुन्या वाचनालयांतून दिसायचं ते नव्हे. त्याच्या आधी त्याच नावाचं एक विनोदी साप्ताहिक १८८३ पासून निघत होतं. कविता त्यात १९२४ मध्ये छापून आली. म्हणजे विनोद आणि व्यंगचित्रांच्या शेजारी, पानात उरलेली जागा भरायला टाकलेल्या चार ओळी असाव्यात तशी. मला हे जन्मस्थान फार योग्य वाटतं. हलक्याफुलक्या पानावर छापलेली, वरवर हलकीफुलकी, आतून भाजणारी कविता.

कारमायकेलने ते कात्रण जपून ठेवलं. मध्ये दीड दशक गेलं. तो न्यूयॉर्कला गेला, तिथून हॉलिवूडला, नाव झालं, आणि १९३८ मध्ये त्याने त्या शब्दांवर गाणं बांधलं. शब्द जसेच्या तसे ठेवले नाहीत, गाण्याच्या सोयीने फिरवले, वाढवले. पण 'अर्थातच' आणि 'फक्त' यांचा खेळ मूळ कवितेतलाच. गाण्याचा प्राण जे. बी.चा आहे.

आता अडचण आली छापण्याची. मूळ कवी सापडल्याशिवाय, त्याची परवानगी असल्याशिवाय गाणं प्रसिद्ध करता येईना. आणि कवी शोधायचा कुठे? जुनं 'लाइफ' तोवर बंद पडलेलं. १९३६ मध्ये हेन्री लूसने ते नाव विकत घेऊन त्यावर आपलं फोटोंचं साप्ताहिक सुरू केलं होतं. तेव्हा मदतीला धावला वॉल्टर विंचेल, त्या काळचा सगळ्यांत वजनदार गप्पाटप्पावाला. त्याच्या वर्तमानपत्री सदराला आणि रेडिओवरच्या कार्यक्रमाला सगळी अमेरिका कान लावून असायची. त्याने रेडिओवरून हाक दिली: ही कविता कोणाची? अखेर जुन्या 'लाइफ'मध्ये काम केलेल्या दोन निवृत्त माणसांमुळे पत्ता लागला. जे. बी. म्हणजे जेन ब्राउन. लग्नानंतर जेन ब्राउन थॉम्प्सन. फिलाडेल्फियात राहणारी एक विधवा.

पुढची गोष्ट मी मैफलीत सहसा सांगत नाही, कारण ती ऐकल्यावर लोक गाणं ऐकत नाहीत, गोष्टच ऐकत बसतात. तुम्ही गाणार आहात म्हणून सांगतो. १९३९ च्या जानेवारीत डिक पॉवेल या तेव्हाच्या लोकप्रिय गायक-नटाने हे गाणं रेडिओवर पहिल्यांदा गायलं. त्याच्या आदल्या रात्री जेनबाई वारल्या. आपल्या ओळींना चाल लागलेली त्यांनी ऐकलीच नाही.

आपल्याकडे आकाशवाणीवर भावगीत लागायच्या आधी किंवा नंतर निवेदिका शांतपणे तीन नावं घ्यायची: कवी, संगीतकार, गायक. आणि कवीचं नाव आधी. लहानपणी मला ते नुसतं वेळकाढूपणाचं वाटायचं. या गाण्याची हकिगत कळल्यावर त्या तीन नावांची किंमत कळली. इथे कागदोपत्री शब्द आणि संगीत, दोन्ही कारमायकेलचं मानलं जातं; जेनबाईंचा उल्लेख झालाच तर 'त्यांच्या कवितेवरून' एवढाच. तुम्ही बैठकीत गाल तेव्हा त्यांचं नाव घ्या. कवीचं म्हणून घ्या.

जॅझ की पॉप, या प्रश्नाचं खरं उत्तर असं की जन्माने पॉप, संगतीने जॅझ. १९३९ मध्ये ते रेडिओवर आणि तबकड्यांवर चालायला म्हणूनच बाहेर पडलं. त्याच वर्षी रेड नॉर्व्होच्या वाद्यवृंदाची तबकडी आली आणि चालली. नॉर्व्हो झायलोफोन वाजवणारा, म्हणजे संगत तेव्हापासूनच जॅझवाल्यांची. १९५२ मध्ये 'द लास व्हेगास स्टोरी' या चित्रपटात खुद्द कारमायकेल पियानोवर आणि जेन रसेल गायला, असंही ते पडद्यावर येऊन गेलं. एवढं होऊनही वादकांनी ते आपल्या जत्रेत फारसं ओढलं नाही. चार वादक जमले, एकमेकांचे चेहरेही ओळखीचे नाहीत, अशा वेळी लोक 'ऑटम लीव्हज'सारखं सगळ्यांच्या हातात बसलेलं गाणं काढतात. हे नाही काढत. माझ्या मते कारण सोपं आहे: शब्द काढून घेतले की अर्धं गाणं गळून पडतं. 'अर्थातच' सॅक्सोफोनवर वाजत नाही. फार थोड्या बॅलड, म्हणजे संथ प्रेमगीतं, अशा आहेत, ज्यांत वादकाला गायकाची इतकी गरज लागते.

ऐकायला सुरुवात बेकरपासून झालीच आहे, तर तीच पुन्हा नीट ऐका. १९५४, लॉस एंजेलिस, 'चेट बेकर सिंग्ज'. पोरगा चोवीस वर्षांचा. ट्रम्पेटवाला म्हणून नाव झालेलं, गायला लागला तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली. आवाज पातळ, कंप जवळजवळ नाहीच. त्याचा पियानोवाला रस फ्रीमन याने इथे सेलेस्टा वाजवलाय. दिसायला छोटा पियानो, पण आत तारांऐवजी धातूच्या पट्ट्या, त्यामुळे आवाज लहान मुलांच्या किल्लीच्या खेळण्यासारखा. त्या खेळण्याच्या आवाजावर तो 'छान चाललंय' म्हणतो, आणि ते अजिबात खरं वाटत नाही. तो दुःखी नाही, तो अजून सुन्न आहे. घाव नवा आहे.

मग गायक फ्रँक सिनात्राचं १९५५ चं, 'इन द वी स्मॉल अवर्स' मधलं. नेल्सन रिडलचं संयोजन. इथे माणूस चाळिशीला टेकलेला, रात्र बरीच झालेली, आणि तो हे आधी पुष्कळदा म्हणून झालेला आहे. शब्दांच्या उच्चारासाठी हे ऐका. वाक्य कुठे तोडायचं आणि कुठे नाही, हे सिनात्राइतकं कोणी शिकवत नाही. तो 'फक्त'च्या आधी श्वास घेत नाही, नंतरही नाही, एका झोकात पलीकडे जातो, विषय टाळणारा माणूस जातो तसा.

आणि जॅझ गायिका बिली हॉलिडे. १९५८, 'लेडी इन सॅटिन', रे एलिसचा तंतुवाद्यांचा मोठा ताफा. तेव्हा तिचं वय बेचाळीस, आवाज सत्तरीचा. दीड वर्षात ती गेली. हे ध्वनिमुद्रण मला स्वतःला फार वेळ ऐकवत नाही. तंतुवाद्यं जरा जास्तच साखरेत घोळलेली आहेत, हेही माझं मत. पण तिच्या तोंडी खोटेपणा उरलेलाच नाही. ती 'छान चाललंय' म्हणते तेव्हा आपल्याला पटतं की हो, हिचं असंच चालतं, याहून बरं कधी चाललंच नाही. शब्द तेच असताना अर्थ असा उलटा करणं! नीना सिमोनचं १९६९ च्या 'नीना सिमोन अँड पियानो!' मधलं शेवटी ऐका. ती आणि तिचा पियानो, तिसरं कोणी नाही. संगतीला एकच माणूस असणार असेल, तर तुमच्या कामाचं तेच.

यावरून माझी एक फजिती. एका हॉटेलात, नाव सांगत नाही, एका जोडप्याच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस होता. यजमान म्हणाले, काहीतरी हळू, रोमँटिक वाजव. माझा हात आपसूक याच्यावर गेला. सोबत गायिका नवीन होती, तिने मन लावून गायलं. समोरच्या टेबलावर एक पारशी आजी होत्या. त्यांनी मला बोटाने जवळ बोलावलं आणि गुजराती मिसळलेल्या हिंदीत विचारलं, "डिकरा, तू शब्द ऐकतोस का कधी?" वीस वर्षं मी ते वाजवत होतो आणि खरं सांगायचं तर नव्हतो ऐकत. कॉर्ड ऐकत होतो. त्या रात्री घरी जाऊन कागदावर शब्द लिहून काढले, आणि वर जे तुम्हाला वर्तुळाचं सांगितलं ते तेव्हा दिसलं.

आता तुमच्या गाण्याबद्दल. सुगम संगीतातून येणाऱ्यांचा पहिला हात हरकतीकडे, गळ्याच्या नक्षीकडे जातो. इथे एकही नको. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, चालेल, तीही फक्त पावसाच्या ओळीत. बाकी सूर सरळ लावा आणि बोलताना जेवढा वेळ द्याल तेवढाच द्या. शेवटचा सूर लांबवून डोळे मिटायची आपल्याला सवय असते. इथे डोळे उघडे ठेवा. हे अक्षरशः सांगतोय. समोरच्या माणसाकडे बघून खोटं बोलायचंय.

'अर्थातच' ची ओळ प्रत्येक वेळी निराळी म्हणा. पहिल्यांदा सहज. दुसऱ्यांदा किंचित घाईत. विसरल्याच्या कडव्यात जरा रागाने म्हटलीत तरी चालेल, माणूस स्वतःवरच चिडलेला असतो. शेवटच्या कडव्यात ती जवळजवळ ऐकू आली नाही तरी हरकत नाही.

मधला भाग, म्हणजे ज्याला आम्ही ब्रिज म्हणतो, तिथे तुम्ही अडखळाल. तो कारमायकेलने बाहेरून आणून जोडलाय आणि ते कळतं. तिथे माणूस अचानक स्वतःला मूर्ख म्हणतो, चंद्राला फसवायला निघालो होतो म्हणतो, पुन्हा फोन करावा का असं विचारतो. जी गोष्ट दोन कडवी झाकून ठेवली ती इथे चव्हाट्यावर. कवितेच्या दृष्टीने मला हा भाग कच्चा वाटतो. पण संगीताला तो हवा आहे, नाहीतर तीच चाल तीनदा ऐकून कान कंटाळतील. म्हणून हा भाग पटकन उरका, थोडं स्वतःला हसत. बाई गात असेल तर तिथला पुरुषवाचक शब्द अडतो. तो बदला, कोणी काही म्हणणार नाही. फोनचा विचार मात्र खरा वाटू द्या. १९३८ मध्ये फोन करायचा तर उठून जावं लागे, पुष्कळ ठिकाणी ऑपरेटरला नंबर सांगावा लागे. उचलून ठेवायला भरपूर वेळ मिळे.

पाऊस आणि वसंत हे दोन शब्द आपल्या अंगाला लागत नाहीत, हेही लक्षात ठेवा. हा पाऊस इंडियानाचा, झाडांतून ठिबकणारा. आपला ताडपत्री फाडणारा नव्हे. आणि वसंत म्हणजे तिथे चार-पाच महिन्यांची थंडी, उघडी झाडं, मग एके सकाळी हिरवं. आपल्याकडे वसंत म्हटलं की होळीनंतरचा घाम. एका विद्यार्थिनीला ती शेवटची ओळ काही केल्या जमत नव्हती. तिला म्हटलं, वसंत सोड, तुझ्या गावातली जूनमधली पहिली सर आठव. ती गाता गाता थांबली आणि पाणी प्यायला आत गेली. त्यानंतर ओळ जमली.

स्केल तुमच्या नेहमीपेक्षा एक-दोन सूर खाली घ्या; भावगीताच्या पट्टीत हे गाणं फार उजेडात येतं. पेटी नको, पेटी सूर धरून ठेवते. पियानो नसेल तर नायलॉनच्या तारांची गिटार. संगतकाराला एवढंच सांगा की शेवटच्या ओळीला त्याने तुमच्या पुढे जायचं नाही, शेवटचा कॉर्ड तुम्ही मान हलवल्यावरच वाजवायचा. आणि तो वाजल्यावर मुखडा पुन्हा धरायचा मोह त्याला होणारच, हाताची सवय असते. तालमीतच त्याचे हात पट्ट्यांवरून उचलून मांडीवर ठेवायला सांगा.